स्टेटमेंटवरची अनोळखी ओळ

(रविवारच्या बैठकीत केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्यांची त्या दिवशी शिफ्ट होती त्यांच्यासाठी.)

आधी माझीच फजिती सांगतो. माझ्या कार्डावरून चार महिने 7.99 पौंड जात होते. मला वाटलं, बँकेचाच काहीतरी चार्ज असेल. विचारायला फोन करायचा तर इंग्रजीची धास्ती. म्हणून गप्प बसलो. शेवटी कळलं की सात दिवस फुकट म्हणून एक फोटोचं ॲप घेतलं होतं, मग काढून टाकलं. ॲप गेलं, वर्गणी चालूच राहिली.

आता हिशोब करा. 7.99 दर महिन्याला म्हणजे वर्षाला 95.88 पौंड. एप्रिल 2025 ची किमान मजुरी तासाला 12.21 होती. म्हणजे जवळजवळ आठ तासांची एक अख्खी शिफ्ट आपण फुकट केली. तेव्हा "जाऊ दे, थोडेच आहेत" असं म्हणू नका.

पहिली गोष्ट, ती ओळ नीट वाचा. स्टेटमेंटवर ॲपचं नाव असेलच असं नाही. आयफोनवाल्यांना "अ‍ॅपल डॉट कॉम स्लॅश बिल" असं दिसतं, आणि कधी दोन-तीन खरेद्या मिळून एकच रक्कम येते. अँड्रॉइडवाल्यांना "गुगल" आणि पुढे ॲपचं किंवा कंपनीचं नाव. मग फोनमध्ये सबस्क्रिप्शन आणि परचेस हिस्टरी उघडा, ईमेलमध्ये पावती शोधा. तारीख आणि रक्कम जुळवून बघा. दोन ईमेल असतील तर दोन्ही खाती तपासा.

दुसरी गोष्ट घरची. सुट्टीत गावी गेलो की जुना फोन पोरांना देऊन येतो. त्यात खातं आपलं आणि खात्याला इथलं कार्ड जोडलेलं. भारतात आपल्याला ओटीपीची सवय. तिथं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्गणी कापण्याच्या 24 तास आधी मेसेजही येतो. इथलं कार्ड एकदा खात्यात सेव्ह केलं की पुढची खरेदी ओटीपी न विचारता होऊ शकते. पोरगं गेममध्ये हिरे घेतं आणि पैसे इथे कटतात. पोराला मारू नका हो. हे मोठमोठ्या देशांत झालंय. 2014 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण आयोगाने याच कारणावरून अ‍ॅपलला किमान 3 कोटी 25 लाख डॉलर ग्राहकांना परत द्यायला लावले. एकदा पासवर्ड टाकला की 15 मिनिटं पुन्हा न विचारता खरेदी होत होती, आणि हे आईबापांना सांगितलेलंच नव्हतं. त्याच वर्षी ब्रिटनमध्येही गेमवाल्यांना ताकीद मिळाली: खातेदाराची माहिती देऊन घेतलेली संमती नसेल तर पैसे कापायचे नाहीत.

असं झालं असेल तर आधी अ‍ॅपलच्या "रिपोर्ट अ प्रॉब्लेम" पानावर किंवा गुगल प्लेवर रिफंड मागा, आणि खरं काय ते लिहा: मुलाने न विचारता घेतलं. गुगलकडे 48 तासांच्या आत मागितलं तर सोपं जातं. बँकेला "मला काहीच माहीत नाही" असं खोटं सांगू नका. ते अंगलट येतं आणि ॲपचं खातंही बंद होऊ शकतं. मग खरेदीला दर वेळी पासवर्ड लावा आणि त्या फोनमधून कार्ड काढा.

तिसरी गोष्ट, वर्गणी थांबवणं. हे डायरेक्ट डेबिट नसतं, म्हणून बँकेच्या डायरेक्ट डेबिटच्या यादीत सापडत नाही. याला कंटिन्युअस पेमेंट ऑथॉरिटी म्हणतात. ॲपमध्ये रद्द करा. तरी कापले तर बँकेला सांगा: "प्लीज कॅन्सल द कंटिन्युअस पेमेंट ऑथॉरिटी." आधी कंपनीला विचारून या, असं म्हणून बँक तुम्हाला परत पाठवू शकत नाही. तुम्ही सांगितल्यावरही पैसे गेले तर ते परत करणं बँकेचं काम.

चौथी, खरोखर कोणी परक्याने कार्ड वापरलं असेल तर. लगेच बँकेच्या ॲपमध्ये कार्ड फ्रीझ करा आणि सांगा: "आय डिड नॉट ऑथराइज धिस पेमेंट." 2017 च्या पेमेंट सर्व्हिसेस नियमांप्रमाणे बँकेने पुढच्या कामाच्या दिवसाअखेर पैसे परत द्यायचे असतात. तुम्हीच फसवताय असा सबळ संशय असेल, तरच ती थांबू शकते. तक्रारीची कमाल मुदत 13 महिने, पण दिसल्याबरोबर सांगा, उशीर नडतो. पैसे दिले पण कबूल केलेली वस्तूच मिळाली नाही, तर "चार्जबॅक" मागा. त्याला बहुतेक वेळा 120 दिवसांची मुदत असते.

बँकेने नाही म्हटलं तर? लेखी तक्रार करा, "कम्प्लेंट" हा शब्द वापरा. पेमेंटच्या तक्रारीला साधारण 15 कामाच्या दिवसांत उत्तर यायला हवं, अवघड प्रकरणात 35. उत्तर पटलं नाही तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओंबड्समनकडे जा. फोन 0800 023 4567. एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा.

दोन इशारे. "तुमच्या कार्डावर ॲपचा चार्ज आलाय, कोड सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या आणि 159 लावा. बहुतेक मोठ्या बँका त्यावर मिळतात. आणि तुमचं कार्ड, पिन किंवा फोन एजंटने नाहीतर मालकाने स्वतःकडे ठेवला असेल, तर तो विषय ॲपचा नाही, पिळवणुकीचा आहे. त्यासाठी मॉडर्न स्लेव्हरी हेल्पलाइन 08000 121 700.

काही जण विचारतात, तक्रार केली तर व्हिसाला धक्का लागेल का? अहो, स्वतःचे पैसे परत मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे, त्याचा व्हिसाशी संबंध नाही.

आता चहा घ्या, आणि घेता घेता प्रत्येकाने मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट उघडा. न कळलेली ओळ असेल तर मला दाखवा, आपण मिळून वाचू.