मागल्या दाराची बॅटरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठे शब्द मला येत नाहीत. या दिवशी दरवर्षी कोणी पाककृती सांगते, कोणी बचतीवर बोलते. अध्यक्षबाईंनी मला विचारले, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "बॅटरीवर." त्या हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. त्यांचे आभार मानून सुरुवात करते.

पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, दुकानदार टॉर्च म्हणतो. आपण देवगडकडच्या बायका बॅटरीच म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणेन. आत घालतात त्यांना मात्र सेल म्हणू, म्हणजे घोटाळा नको.

तुम्ही म्हणाल, बॅटरीत सांगण्यासारखे काय आहे? खटका दाबला की लागते. मलाही २०१९ सालच्या चतुर्थीपर्यंत तसेच वाटे.

त्या वर्षी गणपतीतली गोष्ट. संध्याकाळभर पाऊस होता आणि वीज गेलेली. आमचे हे वाडीत भजनाला गेले होते आणि घरातली चांगली बॅटरी अर्थातच त्यांच्या हातात. दुसरी एक होती, जत्रेत साडेचारशे रुपयांना घेतलेली, हातभर लांब, चार्जिंगची. विकणाऱ्याने तिचा उजेड समोरच्या डोंगरावर पाडून दाखवला होता. ती खुंटीवर दोन महिने नुसती लटकत होती. मी खटका दाबला, तर निखाऱ्याएवढी लाल झाली आणि विझली.

पडवीतल्या मांडणीवरची चार लाकडे चुलीला हवी होती. सासूबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षे या पडवीत वावरते आहे, मला कशाला उजेड?" आणि लाकडांत हात घातला. मग "काहीतरी डसले" एवढेच म्हणाल्या. मी मोबाईलचा उजेड पाडला तेव्हा लाकडाच्या सालीच्या रंगाचे, वीतभर लांबीचे फुरसे अंगाशी अंग घासून खरखर आवाज करीत होते.

भगिनींनो, मोबाईलमध्ये आठ टक्के चार्जिंग उरले होते. उजेड पाहू की रिक्षावाल्या भावोजींना फोन करू, हा विचार त्या अंधारात मला करावा लागला. मी उजेड बंद केला आणि फोन केला. पाखाडीच्या बावीस पायऱ्या सासूबाईंना धरून अंधारातच उतरलो. पुढच्या पावलाखाली काय आहे, ते कळत नव्हते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून गोठते का ते पाहिले. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते गोठले नाही, तेव्हा प्रतिविष दिले. सहाव्या दिवशी सासूबाई घरी आल्या. उजव्या हाताचे एक बोट वाकडे राहिले, पण जीव वाचला. आज त्या ऐंशीच्या आहेत आणि समोर पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. ही गोष्ट सांगायला मी त्यांची परवानगी घेतली आहे.

जाता जाता एवढे ध्यानात ठेवा. साप चावला तर दोरी आवळू नये, जखम कापू नये, तोंडाने विष ओढू नये, सापाच्या मागे लागून वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे.

दवाखान्यातल्या त्या रात्रींत मी एकच विचार करीत होते. घरात दोन बॅटऱ्या होत्या आणि माझ्या हातात एकही नव्हती. आपल्याकडे बॅटरी ही पुरुषांची वस्तू समजली जाते. कलमांची राखण, भजन, दशावतार, रात्रीची मासळी, सगळीकडे ती त्यांच्याबरोबर जाते. त्यांना ती लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण गोठ्यात, विहिरीवर, मागल्या दारी आणि लाकडांत अंधारातून हात घालायचा तो आपण. म्हणून भिशीचे पैसे आले तेव्हा मी ठरवले की एक बॅटरी माझी स्वतःची घ्यायची. यावेळी मुलीला बरोबर घेतले आणि नीट विचारून घेतली. जे शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट, मोठी ती चांगली हे खरे नाही. पूर्वी बॅटरीत तारेचा दिवा असे. त्यात बहुतेक वीज उष्णतेत जाई, म्हणून दोन-तीन जाडजूड सेल लागत. आता एलईडी आले. निळा एलईडी घडवला म्हणून पांढरा उजेड शक्य झाला आणि ते करणाऱ्या अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळाले, असे मुलीने मला सांगितले. आपल्यापुरता त्याचा अर्थ एवढाच की मुठीत मावणारी, कनवटीला खोचता येणारी बॅटरी आता पुरेसा उजेड देते. हातभर लांब बॅटरी खुंटीवर राहते, लहान बॅटरी अंगावर राहते.

दुसरी गोष्ट, खोक्यावरचे आकडे. वॅट म्हणजे किती वीज खाते ते; उजेड मोजतात लुमेनमध्ये. घरात आणि अंगणात पन्नास लुमेन मला पुष्कळ होतात. पाणंदीने चालायला शंभर-दीडशे असले की पायाखालचे नीट दिसते. त्याहून जास्त उजेड कधीतरी लागतो, आणि तो लावला की सेल झपाट्याने उतरतात. म्हणून मंद आणि प्रखर असे दोन उजेड असलेली घ्यावी. लखलखणारा तिसरा खेळ नसला तरी चालेल. खोक्यावर "शंभर मीटर" लिहिलेले असते, त्यालाही भुलू नये. मोजण्याची जी ठरलेली पद्धत आहे तिच्याप्रमाणे शंभर मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उजेड पडतो. आपल्याला साप पाहायचा तो डोंगरावर नव्हे, चार पावलांवर. तेव्हा उजेड लांब जाणारा नको, पसरणारा हवा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, ती म्हणजे सेल. चार्जिंगची बॅटरी स्वस्त पडते, सेल घ्यावे लागत नाहीत, हे खरे. पण तिच्या दोन तऱ्हा आहेत. काहींच्या आत शिशाची बॅटरी असते. ती न वापरता ठेवली तरी उतरत जाते आणि उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की खराब होते. माझी जत्रेतली तशीच होती, आणि त्यात माझीही चूक होती, कारण मी ती भरलीच नव्हती. दुसऱ्या तऱ्हेत लिथियमचा सेल असतो. तो चांगला टिकतो, पण घेताना सेलवर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहावी. अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट लांब अशा त्या सेलवर कोणी ९९०० असा आकडा छापला असेल तर तो खोटा समजावा. चांगल्यातल्या चांगल्या सेलची ताकद साडेतीन हजारांच्या आसपास असते. असा सेल फुगला तर वापरू नये, आणि अंथरुणावर ठेवून चार्ज तर कधीच करू नये.

मी मात्र दोन पेन्सिल सेलवर चालणारी घेतली. तिचा उपयोग २०२१ च्या मे महिन्यात कळला. तौक्ते वादळ आले, खांब पडले, झाडे पडली आणि आमच्या वाडीत सहा दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांच्या चार्जिंगच्या बॅटऱ्या आणि मोबाईल विझले. पेन्सिल सेल मात्र नाक्यावरच्या किराणा दुकानात मिळत होते. एरवी मी पुन्हा भरता येणारे पेन्सिल सेल वापरते. ते दीडऐवजी सव्वा व्होल्टच्या आसपासचे असतात, पण माझ्या बॅटरीत चालतात. दुकानात विचारून घ्यावे. साधे दोन सेल कागदात गुंडाळून कपाटात राखीव ठेवले आहेत. म्हणजे रोजचा खर्चही वाचतो आणि वादळातही अडत नाही. ज्यांना दोन घेणे परवडेल त्यांनी एक चार्जिंगची आणि एक सेलची घ्यावी. एकच घ्यायची असेल तर सेलची घ्यावी, असे माझे मत आहे.

चौथी गोष्ट पावसाची. खोक्यावर आयपीएक्स ४ असेल तर चोहोबाजूंनी उडणारे पाणी ती सोसते. आयपीएक्स ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. आपल्या पावसाला चार पुरेसा आहे. होडीवर जाणाऱ्यांनी सात पाहावा. पुढचा भाग मागेपुढे सरकवून उजेड लहानमोठा करायच्या बॅटरीत त्या सांध्यातून पाणी शिरण्याची भीती असते, हेही लक्षात ठेवा.

आता दुकानात काय करायचे? लाजायचे नाही. सेल घालून लावून पाहायची. काउंटरखाली अंधारात भिंतीवर उजेड पाडायचा. मधोमध काळा डाग नसावा. तळहातावर दोनदा आपटायची. उजेड लुकलुकला तर आतला सांधा सैल आहे. मग डोळे मिटून एका हाताने खटका सापडतो का ते पाहायचे, कारण दुसऱ्या हातात आपल्या कळशी नाहीतर पोर असते. दुकानदार मला म्हणाला, "वहिनी, बॅटरी घेताय की नवरा बघताय?" मी म्हटले, "नवरा बघायला मला एवढा वेळ कोणी दिला नव्हता." तीनशे चाळीस रुपये झाले. पाच वर्षांच्या वर झाली, अजून चालते.

घेतल्यावर तिची निगाही राखावी. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. पुष्कळ दिवस वापरायची नसेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरतात आणि बॅटरी आतून गंजते. संपलेले सेल चुलीत किंवा शेणखतात टाकू नयेत. निराळ्या डब्यात साठवून असे सेल घेणाऱ्यांकडे द्यावेत. आणि आठवण राहावी म्हणून माझी एक युक्ती आहे. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत अंगणात उभी राहते तेव्हा बॅटरी लावून पाहते. महिन्यातून एकदा पाहणे आपोआप होते.

सगळ्यांत शेवटचे सांगते. बॅटरीची जागा ठरलेली असावी. आमच्याकडे मागल्या दाराच्या चौकटीला खिळा आहे, त्यावर ती दोरीने अडकवलेली असते. भजनाला जाताना ती कोणी नेत नाही. पहिल्या वर्षी दोनदा नेली, तेव्हा मी स्वयंपाक उशिरा केला. मग नेणे बंद झाले.

मंडळापुढे एक सूचना ठेवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी प्लॅस्टिकच्या वाट्या, डबे लुटतो. येत्या संक्रांतीला वर्गणीतून वाण म्हणून लहान बॅटऱ्या एकदम घेऊ. शंभर घेतल्या तर दुकानदार भावही कमी करील. ज्या घरात म्हातारी माणसे एकटी राहतात तिथे पहिली जावी. त्या रात्री आमच्या मागल्या दाराला अशी एक असती, तर सासूबाईंचे बोट आज सरळ असते.

मला जे सांगायचे होते ते सांगून झाले. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर पदरात घ्यावे. घरी जाताना पाखाडीवर जपून चाला. बॅटरी कोणाकोणाजवळ आहे ते मी दारात उभी राहून पाहणार आहे.