मखमलीच्या डबींतील माणसें

बिऱ्हाड हलवितांना माणसाला आपल्याच घरांतील अनोळखी वस्तु भेटतात. पनवेलजवळचें बेलपाडा हें अशा हललेल्या बिऱ्हाडांचें ठिकाण झालें आहे. १९७० सालीं नवी मुंबई वसविण्यासाठीं सिडको ही संस्था निघाली. पुढें भातखाचरांच्या जागीं इमारती उठल्या, आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलपाड्याच्या नांवाच्या स्थानकावर मेट्रोही थांबूं लागली. समजा, गिरगांवची चाळ सोडून येथें आलेल्या एखाद्या कुटुंबानें पणजीची ट्रंक उघडली, आणि तळाशीं तळहाताएवढी, पुस्तकासारखी उघडणारी एक डबी निघाली. एका बाजूस लाल मखमलीची गादी. दुसऱ्या बाजूस पितळी चौकटींत, कांचेखालीं, तीन माणसें. पागोटें घातलेला पुरुष, नथ घातलेली स्त्री आणि चेहरा पुसट झालेलें एक मूल. हीं कोण, हें घरांत कोणासच ठाऊक नाहीं.

चित्राच्या कडांना निळसर डाग पडलेले दिसतात. लगेच कोणीतरी पदराचें टोक ओलें करून तें स्वच्छ करावयास पुढें होतें. तेथेंच हात आवरला पाहिजे. आधीं तें चित्र कशावर उमटलें आहे, हें ओळखावें.

डबी हातांत धरून हळूहळू कलती करावी. चित्र क्षणांत स्पष्ट, क्षणांत उलट छायेचें होत असेल आणि मधेंच पाहणाऱ्याचा स्वतःचा चेहरा आरशांतल्यासारखा दिसत असेल, तर तें दागेरच्या पद्धतीचें चित्र होय. ही कृति १८३९ च्या ऑगस्टमध्यें पॅरिस येथें जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर आयोडीनची वाफ, नंतर पाऱ्याची वाफ, असा तिचा क्रम. चित्र म्हणून जें दिसतें तें पृष्ठभागावर बसलेल्या सूक्ष्म कणांचें असतें. बोटाच्या एका फटकाऱ्यानें तें कायमचें जातें, आणि मूळ कांच नसल्यामुळें दुसरी प्रत मिळत नाहीं.

आरसा दिसत नसेल, तर चित्र कांचेवरील असण्याचा संभव आहे. १८५१ सालीं आर्चर यानें कलोडियनची कृति प्रसिद्ध केली. तिच्या साह्यानें कांचेवर फिकट उलट छाया घेऊन तिच्यामागें काळें कापड किंवा काळा रंग दिला, कीं ती सुलट दिसूं लागते. तिसरा प्रकार पातळ पत्र्याचा. त्याला टिनटाइप म्हणतात, परंतु पत्रा लोखंडाचा असतो आणि लोहचुंबकाकडे ओढला जातो.

डबीचेंही निरीक्षण करावें. पुष्कळ डब्या लांकडावर चामडें चढवून केलेल्या असत. कांहीं मात्र लाखेंत लांकडाचा भुसा मिसळून, साच्यांत दाबून घडविलेल्या असत. अमेरिकेंत १८५४ सालीं अशा डब्यांचें पेटंट घेतलें गेलें. ही लाख पळस, कुसुम अशा झाडांवर होते, आणि तिचा पुरवठा मुख्यतः हिंदुस्थानांतून होई.

त्याच १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या काळांतील नामांकित छायाचित्रकार होते. पुढें कागदावरील स्वस्त चित्रांचा प्रसार झाला आणि डब्या मागें पडल्या. तेव्हां डबींतील कुटुंबानें मुंबईंतच बसून हें चित्र काढविलें असावें, असा तर्क करण्यास आधार आहे. चित्र उमटावयास कित्येक सेकंद लागत. मोठीं माणसें ताठ बसत, म्हणून तीं कठोर दिसतात. मूल हललें, म्हणून तें पुसट झालें.

आतां नथेचा प्रश्न. महाराष्ट्रांत नथ डाव्या नाकपुडींत घालतात. चित्रांतील स्त्रीच्या ती उजव्या नाकपुडींत दिसते. घरांतील एखादा हुशार गृहस्थ लगेच निकाल देतो, "ही आपल्याकडची नव्हेच. देऊन टाका डबी जुन्या बाजारांत." परंतु दागेरच्या पत्र्यावर माणूस बहुधा आरशांतल्याप्रमाणें उलटाच उमटतो. ज्या पुराव्यावर त्या बाईला घराबाहेर काढलें जात होतें, तो मुळीं तिच्याविषयींचा नव्हताच. तो पत्र्याचा गुण होता.

म्हणून अशी डबी सांपडल्यास ती उकलूं नये, पुसूं नये, उन्हांत ठेवूं नये. समोर काळें कापड धरून, म्हणजे आरशांत दुसरें कांहीं पडणार नाहीं, तिचा फोटो घ्यावा. तो फोटो उलटवून पाहावा. नथ पुन्हां डावीकडे येईल. मग ती प्रत घेऊन घरांतील सर्वांत वृद्ध आत्याबाईंकडे किंवा मावशींकडे जावें. प्रश्न घाईनें विचारूं नयेत. नथीचा घाट, पागोट्याची बांधणी त्यांना निवांत पाहूं द्यावी. त्या जें सांगतील तें वेगळ्या कागदावर, तारीख घालून, लिहून ठेवावें. खात्रीचें कोणतें आणि ऐकीव कोणतें, हेंही नोंदवावें.

चांदीवर उमटलेला चेहरा, न पुसल्यास, दीडशें वर्षें टिकतो. त्या चेहऱ्याचें नांव मात्र तें सांगणाऱ्या माणसाबरोबरच जातें. डबी उद्यां पाहिली तरी चालेल. आत्याबाईंकडे आजच गेलें पाहिजे.