तपासणींत न सांपडणारें दुखणें

‘ज्याचें जळतें त्यालाच कळतें’ ही म्हण मराठी घरांत कोणी ना कोणी रोज उच्चारीत असतें. परंतु तिचा पुरता अर्थ भोगावा लागतो असे कांहीं रोगी आहेत. ताप नाहीं, सूज नाहीं, जखम नाहीं. आणि तरीही मानेपासून पोटर्‍यांपर्यंत सर्व शरीर ठणकत असतें. रात्रभर अंथरुणावर पडून सकाळीं उठावें, तों आदल्या दिवशींचा शीण जसाच्या तसा. रक्त तपासलें, क्ष-किरणांनीं चित्रें घेतलीं, सर्व ठीक. मग डॉक्टर म्हणतात, ‘विशेष कांहीं नाहीं’. आणि घरची मंडळी त्याचा अर्थ ‘कांहींच नाहीं’ असा लावतात. एका शब्दाचाच फरक. पण त्यापायीं एखाद्या सुनेचीं, आईचीं किंवा कचेरींत जाणार्‍या गृहस्थाचीं पुष्कळ वर्षें कडू होऊन जातात.

या दुखण्याला आज वैद्यकांत ‘फायब्रोमायल्जिया’ असें नांव आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून दर शंभर माणसांत सुमारें २ ते ४ जणांना तें असावें, असा अंदाज केला जातो. त्यांत स्त्रियांचें प्रमाण अधिक. म्हणजे मोठ्या चाळींत किंवा वसाहतींत असा एखादा रोगी असण्याचा संभव पुष्कळच.

लंडनमधील मज्जातंतूंच्या रोगांचे विख्यात वैद्य सर विल्यम गॉवर्स यांनीं १९०४ सालीं कंबरदुखीवरील एका व्याख्यानांत ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द वापरला. स्नायूंमधील तंतुमय भागाला दाह होत असावा, असा त्यांचा तर्क होता. त्या शब्दाच्या शेवटच्या तुकड्याचा अर्थच दाह. पुढें स्नायूंचे सूक्ष्म भाग तपासले, तेव्हां तसा दाह आढळेना. म्हणून १९७६ च्या सुमारास दाह सुचविणारें तें नांव मागें पडून, केवळ वेदना दर्शविणारें आजचें नांव आलें. १९९० सालीं अमेरिकेंतील संधिवाताच्या वैद्यांच्या संस्थेनें शरीरावरील १८ जागा नेमून दिल्या. सुमारें ४ किलोग्रॅमचा दाब दिला असतां त्यांपैकीं निदान ११ जागीं दुखावें आणि सर्वांगाची वेदना निदान ३ महिने टिकलेली असावी, असा नियम झाला. २०१० सालच्या नव्या नियमांत ही जागा दाबण्याची अट राहिली नाहीं. वेदना शरीराच्या किती भागांत आहे, थकवा किती आहे, झोंपेनें ताजेपणा येतो कीं नाहीं, लक्ष व स्मरण ठिकाणावर असतें कीं नाहीं, हें रोग्यालाच विचारून निदान होऊं लागलें. रोग्याच्या सांगण्याला पुरावा म्हणून स्थान मिळण्यास इतकीं वर्षें लागलीं.

वेदना म्हणजे शरीराच्या वाड्याचा पहारेकरीच होय. चोर आला कीं त्यानें ओरडावें, हें त्याचें काम. परंतु एखाद्या पहारेकर्‍याचे कान इतके तीक्ष्ण व्हावेत कीं, वाळलेलें पान हललें तरी त्यानें साराच वाडा जागा करावा, अशी या रोगांत स्थिति होते. घरचे कंदील घेऊन बाहेर येतात, चोर दिसत नाहीं. मग ‘हा लबाड आहे’ असें म्हणून पुन्हां निजतात. पण पहारेकरी लबाड नसतो. त्याला आवाज खरोखरच मोठा ऐकूं आलेला असतो. मज्जातंतु, पृष्ठरज्जु व मेंदू यांमधून वेदनेचे जे संदेश जातात, ते या रोगांत वाटेंतच मोठे होतात. आणि त्यांना आवर घालणारी मेंदूंतील व्यवस्था दुबळी पडते. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अशा रोग्यांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूचीं चित्रें घेण्यांत आलीं. निरोगी माणसाच्या मेंदूंत जी खळबळ उडण्यास पुष्कळ अधिक दाब लागला, ती या रोग्यांत सौम्य दाबानेंच उडाली. रोगी वेदना वाढवून सांगत नाहीं, याची ही साक्ष.

झोंपेचा संबंधही असाच लक्षांत घेण्याजोगा आहे. कॅनडांतील टोरोंटो येथील संशोधकांनीं १९७५ सालीं कांहीं निरोगी तरुणांची गाढ झोंप आवाज करून मोडली. त्यांना पुरतें जागें मात्र केलें नाहीं. थोड्याच दिवसांत त्या धडधाकट मुलांचे स्नायु दुखूं लागले. वेदनेनें झोंप मोडते आणि मोडलेल्या झोंपेनें वेदना वाढते, असें हें रहाटगाडगें आहे.

सर्वांग दुखतें म्हणजे हाच रोग, असें घरीं बसून ठरवूं नये. थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावलें, शरीरांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडलें, रक्तक्षय झाला किंवा संधिवाताचा आरंभ असला, तरी अंग असेंच मोडून येतें. आणि त्यांवर निराळे उपाय आहेत. सांधे सुजत असतील, ताप येत असेल, वजन विनाकारण घटत असेल किंवा हातापायांतील शक्ति कमी होत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. उलट, एकदां निदान झाल्यावर त्याच त्याच तपासण्या नव्या नव्या ठिकाणीं करून घेण्यांत पैसा जातो व धास्ती वाढते. या दुखण्यानें सांधे झिजत नाहींत कीं हातपाय लुळे पडत नाहींत, ही गोष्ट रोग्याला स्वच्छ शब्दांत सांगणें हें उपचाराचें पहिलें पाऊल होय.

दुसरें पाऊल व्यायामाचें. युरोपांतील संधिवात-तज्ज्ञांच्या संघानें २०१७ सालीं जे उपाय तपासून पाहिले, त्यांत निःशंक शिफारस एका व्यायामाचीच केली. पण तो तालमीचा व्यायाम नव्हे. पहिल्या आठवड्यांत रोज ५ मिनिटें सपाट रस्त्यावर चालावें. तें सोसलें कीं दोन मिनिटें वाढवावीं. सुरवातीस दुखणें थोडें वाढेल. तेवढ्यानें सोडूं नये. हलकीं योगासनें, कोमट पाण्यांतील हालचाल यांचाही उपयोग होतो.

तिसरी गोष्ट कामाच्या वांटणीची. आणि येथेंच आपल्या घरांतून चूक होते. दिवाळीपूर्वीं एके दिवशीं अंग बरें वाटलें कीं गृहिणी त्याच दिवशीं माळा झाडते, भांडीं काढते आणि रात्रीं चकल्यांचें पीठ मळते. पुढील आठ दिवस ती अंथरुणावर. बर्‍या दिवशीं आवरतें घ्यावें आणि वाईट दिवशींही थोडें हालावें, हा नियम कठीण खरा. परंतु त्यानेंच पहारेकर्‍याची दचकण्याची संवय हळूहळू मोडते. निजण्या-उठण्याची वेळ ठराविक असावी व सायंकाळनंतरचा चहा सोडावा, हेंही त्यांतच आलें.

औषधें आहेत. अमेरिकेंत प्रीगाबालिनला २००७ सालीं व ड्युलॉक्सेटीनला २००८ सालीं या रोगासाठीं मान्यता मिळाली. ॲमिट्रिप्टिलीन हें जुनें औषधही अल्प प्रमाणांत रात्रीं देतात. कांहींना त्यांनीं चांगला उतार पडतो, कांहींना पडत नाहीं. तीं डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावींत. यांपैकीं कांहीं औषधें मनाच्या उदासीनतेवरही देतात. चिठ्ठींतील नांव वाचून ‘म्हणजे हें वेडाचें औषध’ असा घरांत गवगवा होतो, तो अज्ञानाचा. वेदनेला आवर घालणार्‍या मेंदूंतील द्रव्यांवर त्यांचा परिणाम होतो, म्हणून तीं दिलेलीं असतात. स्टेरॉइड किंवा अफूच्या जातीचीं वेदनाशामकें यांचा मात्र येथें लाभ नाहीं, अपाय आहे.

शेवटचा उपाय औषधांच्या दुकानांत मिळत नाहीं. दुखणाईत माणसाचें अर्धें बळ दुखणें सोसण्यांत जातें व उरलेलें तें खरें आहे हें पटवून देण्यांत. घरानें विश्वास ठेवला तर हें दुसरें बळ शिल्लक राहतें आणि चालण्याला, झोंपेला, कामाला उपयोगी पडतें. विश्वास म्हणजे सारखी विचारपूस नव्हे. दर तासाला ‘आतां कसें वाटतें?’ असें विचारल्यानें लक्ष वेदनेवरच खिळतें. पाण्याची बादली न बोलतां उचलावी, बाजारची जड पिशवी दुसर्‍यानें आणावी, आणि सायंकाळीं दहा मिनिटें फिरावयास बरोबर जावें, एवढें पुरे. ज्या घरांत कोणी ‘अंग दुखतें’ असें वर्षानुवर्षें म्हणत आलें असेल, तेथें आजपासून ‘तुझें नेहमींचेंच आहे’ हें वाक्य बंद झालें, तरी उपचाराला आरंभ झाला असें समजावें.