सासरच्या देशाचा परवाना



‘मुलगा अमेरिकेत असतो’ हे वाक्य स्थळ सांगताना आपल्या घरांतून मोठ्या समाधानाने उच्चारले जाते. त्या समाधानात एक प्रश्न मात्र बहुधा विचारावयाचा राहून जातो. तो तेथे कोणत्या नात्याने असतो? नागरिक म्हणून, ग्रीन कार्डधारक म्हणून, की केवळ नोकरीच्या व्हिसावर? या तीन उत्तरांतून मुलीच्या पुढील आयुष्याच्या तीन निरनिराळ्या वाटा फुटतात. १९४६ साली अमेरिकेने भारतीयांसाठी वर्षाकाठी अवघ्या शंभर जणांचा कोटा ठरविला होता. आज अमेरिकन नागरिकाच्या पत्नीला संख्येची कोणतीही मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला मात्र कोट्याच्या रांगेत उभे राहावे लागते आणि ही रांग कधी आखूड असते, कधी वर्षानुवर्षांची. नोकरीच्या व्हिसावर असलेल्या तरुणाची पत्नी त्याच्या आश्रयाने जाऊ शकते. पण ग्रीन कार्डाचे नाव त्या वेळी काढता येत नाही. पत्रिका पाहणाऱ्यांनी एवढी चौकशी अवश्य करावी.

आता नागरिकाशी विवाह झाला असे धरू. पहिला अर्ज पतीला करावा लागतो. आय-१३० या क्रमांकाने तो ओळखला जातो. हे नाते खरे आहे, एवढेच त्यात सिद्ध करावयाचे असते. तो मंजूर झाल्यावर भारतात असलेल्या पत्नीचे प्रकरण मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत येते. ती कायदेशीरपणे अगोदरच अमेरिकेत असेल, तर तिला तेथेच आय-४८५ हा अर्ज करता येतो. यावरून काही एजंट सुचवितात, ‘आधी फिरावयास म्हणून जा, मग तेथेच अर्ज करा.’ हा सल्ला घातक आहे. मनात कायम राहण्याचा बेत ठेवून अधिकाऱ्यापुढे ‘फिरावयास आले’ असे सांगणे हे असत्यकथन ठरते आणि ते आयुष्यभर आडवे येऊ शकते.

आम्हा शिक्षकांचा या प्रकरणाशी संबंध येतो तो दाखल्यांच्या निमित्ताने. जन्माची नोंद वेळेवर झालेली नसेल, तर नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र आणि त्यासोबत दुय्यम पुरावा द्यावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, आमच्या समाजात बाप्तिस्म्याचा दाखला, वडीलधाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र, असे ते कागद असतात. खरी पंचाईत नावांची होते. शाळेत एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरे. वडिलांचे नाव कोठे मधले, कोठे आडनावाच्या जागी. विवाहानंतर तर सगळेच नाव नवे. आपल्याला यात काहीच वावगे दिसत नाही. परक्या देशातील कारकुनाला मात्र त्या तीन निरनिराळ्या स्त्रिया वाटतात. मराठी दाखल्यास इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि ते अचूक असल्याचे भाषांतरकर्त्याने सहीनिशी लिहून द्यावे लागते.

मग वकील हवा की नको? कायद्याने सक्ती नाही. सरळ प्रकरणात नीटनेटके जोडपे सर्व कागद स्वतःही भरू शकते. पण पूर्वी घटस्फोट झालेला असेल, पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल, मुदतीबाहेर मुक्काम झाला असेल किंवा कधी अटक झाली असेल, तर वकिलावाचून पाऊल टाकू नये. स्थलांतराचा कायदा संपूर्ण देशाचा एकच असल्यामुळे कोणत्याही राज्याची सनद असलेला वकील हे काम करू शकतो. तरी राहत्या गावाजवळचा बरा. अमेरिकेत होणाऱ्या मुलाखतीला तो शेजारी बसू शकतो आणि स्थानिक कचेरीची रीत त्याला ठाऊक असते. मुंबईच्या खिडकीपुढे मात्र मुलगी बहुधा एकटीच उभी असते. ज्यांना वकिलाची फी परवडत नाही, त्यांच्यासाठी धर्मादाय संस्थांतून सरकारमान्य प्रतिनिधी काम करतात.

येथे आपल्या लोकांची एक हमखास फसगत होते. आपल्याकडे नोटरी म्हणजे अनुभवी वकील, अशी आपली समजूत असते आणि ती बरोबरही आहे. अमेरिकेतील नोटरी हा केवळ सहीचा साक्षीदार असतो. त्याला कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार नाही. खरा वकील जी-२८ या कागदावर सही करून आपण हे प्रकरण चालवीत आहोत असे सरकारला कळवितो. जो पैसे घेतो, अर्ज भरतो आणि स्वतःची सही कोठेच करीत नाही, त्याच्यापासून दूर राहावे.

आणखी एक गोष्ट माहेरच्यांनी लक्षात ठेवावी. वकील पतीने नेमलेला असला तरी बहुधा तो दोघांचाही वकील असतो. म्हणून प्रत्येक कागदाची प्रत मुलीने मागून घ्यावी आणि स्वतःजवळ ठेवावी. पती-पत्नींत वाद उद्भवला, तर त्याच वकिलाला बाजूला व्हावे लागते. तेव्हा तिला स्वतःचा वेगळा वकील पाहावा लागतो आणि त्याच्यापुढे ठेवावयास ही फाईल हाताशी असावी लागते.

त्या फाईलमध्ये पतीने आय-८६४ या कागदावर दिलेली हमीही असते. दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के इतका आधार पत्नीला देण्याचे तो सरकारला बांधून देतो. घटस्फोटाने हे बंधन सुटत नाही. हे पुष्कळ पतींनाच ठाऊक नसते, मग पत्नींची गोष्ट कशाला!

खोट्या विवाहांच्या संशयावरून १९८६ साली कायदा कडक झाला. बनावट विवाहाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडील ठरवून केलेल्या विवाहात वधूवरांची ओळख थोड्याच दिवसांची असते. तेवढ्याने विवाह खोटा ठरत नाही. पण मंडपातील छायाचित्रांखेरीज नंतरचा पत्रव्यवहार, भेटीगाठी आणि एकत्र बँक खाते यांचे पुरावे जपून ठेवावे लागतात.

याच कायद्यामुळे, प्रवेशाच्या वेळी विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर मिळणारे कार्ड सशर्त असते आणि दोन वर्षांचेच असते. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करावयाचा असतो. आता पतीने सही देण्यास नकार दिला तर? ‘माझ्या सहीवाचून तुला परत जावे लागेल’ ही धमकी कित्येक घरांत याच सुमारास ऐकू येते. ती पूर्णपणे खरी नाही. विवाह खरा होता पण घटस्फोट झाला, किंवा पतीने छळ केला, हे दाखवून पत्नी एकटीही अर्ज करू शकते. कार्ड मिळण्यापूर्वीच छळ सुरू झाला, तर १९९४ च्या कायद्यान्वये नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ झालेल्या पत्नीला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो आणि त्याची वार्ता सरकार पतीला कळवीत नाही. पत्नी नागरिक आणि येथून जाणारा पती असला, तरी नियम हेच.

नव्वद दिवस मोजावयाचे ते कार्डाच्या अखेरच्या तारखेपासून मागे. ती तारीख कार्डावरच छापलेली असते.