एकच झाड, रोज एक फोटो



एरंडोल परिसरात थंडी आता ओसरू लागली आहे.
पहाटे स्वेटर लागतो,
दुपारी मात्र ऊन चटका देतं.

हा बदल टिपायला साधा मोबाईल पुरे.
एकच झाड निवडा.
रोज त्याच जागी उभे राहा.
रोज एकच फोटो काढा.

पद्मालयाकडच्या रानातला पळस घ्या.
आधी त्याची पानं गळतात.
मग उघड्या फांद्यांवर काळपट, मखमली कळ्या दिसू लागतात.
पुढे केशरी फुलं उमलतात,
आणि मधासाठी शिंजीर, मैना, बुलबुल येतात.
एका फेरीत हे कळत नाही.
रोजचे फोटो ओळीनं पाहिले, की कळतं.

सूर्य उगवल्यावर लगेच जा.
तेव्हा ऊन तिरपं असतं.
कळीवरची बारीक लवसुद्धा उठून दिसते.

मला विचाराल, तर शेताच्या बांधावरचं झाड सगळ्यात बरं.
जाता-येता रोज भेटतं.

फोटोसाठी फांदी मात्र तोडू नका.
घरट्याजवळ जाऊ नका.

पुन्हा सांगते,
झाड एकच, जागा तीच, रोज एक फोटो.
सोबत वहीत तारीख लिहा.

होळीपर्यंत एवढं कराच.
सुरुवात उद्या सकाळी करा.