जुनं नाणं आणि फोनवरचं गिऱ्हाईक

तायांनो, शिरूर असो की दौंड, सासूबाईंच्या डब्यात एखादी तांब्याची शिवराई, ट्रॅक्टरवाली पाचची नोट निघतेच. मोबाईलवर फोटो टाकला की फोन येतो, "लाखाला घेतो. आधी नोंदणीचे पैसे भरा." मग कराचे, मग आणखी कशाचे. गटाच्या हप्त्याला ठेवलेले पैसे असेच जातात.

सांगा बरं, बाजारात मेथीची जुडी विकताना आपण गिऱ्हाईकाला पैसे देतो का? मग इथं का द्यायचे?

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती नाही आणि त्यासाठी शुल्क, कमिशन मागत नाही. तिच्या नावानं पत्र आलं तरी भुलू नका.

आणि लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करायचा नसतो. पिन टाकला की पैसे आपलेच जातात. "पैसे पाठवले" या मेसेजवर जाऊ नका. खात्यात जमा झालेले बघा, मगच वस्तू हातातून सोडा.

फसलात तर लाजून गप्प बसू नका. तासाभराचाही उशीर नको, लगेच १९३० ला फोन लावा. आणि गटात सांगा, म्हणजे दुसरी वाचेल.