नोकियाचे वैभव आणि नोकियाची चूक



३१ जुलै १९९५ या दिवशी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत असलेल्या दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले आणि भारतात या यंत्राचे युग सुरू झाले. त्या संभाषणासाठी वापरलेला संच नोकिया या फिनलंडमधील कंपनीचा होता. पुढे कितीतरी वर्षे आपल्याकडील घरांत ‘मोबाईल’ आणि ‘नोकिया’ हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरले गेले. आज या कंपनीविषयी दोन मते हिरिरीने मांडली जातात. नोकियासारखा टिकाऊ फोन पुन्हा झाला नाही, हे एक. आणि काळाबरोबर बदलली नाही म्हणून ती कंपनी बुडाली, हे दुसरे. पहिल्या मतात बरेच तथ्य आहे. दुसरे मात्र जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

बदल ही गोष्ट नोकियाला नवी नव्हती. १८६५ मध्ये फ्रेड्रिक इडेस्टम या अभियंत्याने काढलेली कागदाच्या लगद्याची गिरणी हे तिचे मूळ. पुढे तिच्या छत्राखाली रबराचे बूट आले, विजेच्या तारा आल्या, दूरचित्रवाणी संचही आले. १९९२ मध्ये योर्मा ओलिला यांनी सूत्रे हाती घेतली आणि दूरसंचार एवढेच क्षेत्र जवळ ठेवून बाकीचा पसारा आवरता घेतला. १९९८ मध्ये मोटोरोलाला मागे सारून नोकिया जगातील सर्वांत मोठी मोबाईल उत्पादक कंपनी झाली. गिरणीपासून एवढी मजल मारणाऱ्या संस्थेला बदलाचे वावडे होते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

तिच्या कर्तृत्वाचा खरा पुरावा हवा असेल तर २००३ मध्ये आलेल्या ‘११००’ या संचाकडे पाहावे. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबरी कळफलक होता, घामट हातातून निसटू नये अशी खडबडीत कड होती आणि माथ्यावर विजेरी होती. ज्या महाराष्ट्रात भारनियमनामुळे पंपाला वीज रात्री मिळत असे आणि शेतकरी अंधारात बांधावरून चालत मोटार सुरू करायला जात असे, तेथे त्या विजेरीचे मोल जाहिरातीतून सांगावे लागले नाही. हा संच जगभरात पंचवीस कोटींहून अधिक विकला गेला. एकाच नमुन्याचे इतके फोन क्वचितच खपले असतील. मोटार-लॉरीचे चालक, भाजीवाले, गवंडी, नुसता ‘मिस्ड कॉल’ देऊन निरोप पोचवणारी महाविद्यालयीन मुले, अशा सर्वांच्या खिशात तो होता. चार्जर ‘जाड पिनचा’ की ‘बारीक पिनचा’, एवढाच काय तो घरोघरचा वाद!

विश्वास केवळ वस्तूवर नव्हता, वागण्यावरही होता. ऑगस्ट २००७ मध्ये ‘बीएल-५सी’ या बॅटरीचा एक मोठा साठा तापत असल्याचे आढळले. त्या बॅटऱ्या मात्सुशिता या जपानी कंपनीने बनवल्या होत्या. तरीही नोकियाने स्वतः पुढे येऊन चार कोटी साठ लाख बॅटऱ्या विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. आपल्याकडे काही काळ घबराट पसरली, सेवाकेंद्रांवर रांगा लागल्या. पण ग्राहक नोकियापासून दूर गेला नाही. त्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा फोनांपैकी सुमारे चार नोकियाचे होते.

मग चुकले कोठे? सामान्यतः बोट दाखवले जाते ते २००७ च्या आयफोनकडे आणि त्यानंतर आलेल्या अँड्रॉइडकडे. ते योग्यच आहे. फोन हे तोवर बोलण्याचे यंत्र होते. आता तो खिशातला संगणक होऊ लागला होता आणि त्यावर कार्यक्रम कोण लिहितो यावर त्याची किंमत ठरू लागली होती. नोकियाची ‘सिंबियन’ ही कार्यप्रणाली बटणांच्या फोनांसाठी घडलेली होती. ती स्पर्शाच्या पडद्यावर अवघडून गेली. २००९ मधील ‘एन-९७’ हा महागडा फोन याचे ठळक उदाहरण होय. यंत्र भारदस्त, पण चालणे मंद. त्या फोनने ग्राहकांची निराशा केली हे कंपनीच्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्यानेच नंतर मान्य केले.

परंतु भारतातील कहाणी याहून वेगळी आहे आणि अधिक बोलकी आहे. येथील सामान्य ग्राहकाला त्या वेळी आयफोन नकोच होता, परवडतही नव्हता. त्याला हवी होती दोन सिमकार्डांची सोय. एका कंपनीचा दर गावी बोलायला स्वस्त, दुसरीचा शहरात. म्हणून तो दोन कार्डे बाळगी आणि दिवसातून चारदा मागचे झाकण उघडून ती बदली. चिनी बनावटीच्या संचांनी आणि मायक्रोमॅक्ससारख्या भारतीय कंपन्यांनी ही गरज ओळखली. नोकियाचे दोन सिमचे फोन बाजारात रुळेपर्यंत २०११ साल उजाडले. ज्या कंपनीला शेतकऱ्याच्या हातातली विजेरी सुचली होती, तिला त्याच शेतकऱ्याच्या खिशातले दुसरे कार्ड दिसू नये, याचे नवल वाटते. यात तंत्रज्ञानाची उणीव मुळीच नव्हती.

पुढचा प्रवास वेगाने झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये स्टीफन एलॉप यांनी मायक्रोसॉफ्टच्या कार्यप्रणालीचा आश्रय घेतला. २०१२ मध्ये सॅमसंगने अग्रस्थान हिरावले. २५ एप्रिल २०१४ रोजी मोबाईल व्यवसाय मायक्रोसॉफ्टच्या हाती गेला. मायक्रोसॉफ्टलाही तो पेलला नाही. नोकिया मात्र संपली नाही. भ्रमणध्वनी जाळ्यांची यंत्रसामग्री बनवणारी ती आजही एक प्रमुख कंपनी आहे आणि आपल्याकडील ५-जी जाळ्यांतही तिची उपकरणे आहेत.

या उलथापालथीची किंमत तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरने मोजली. तेथे २००६ पासून नोकियाचा भव्य कारखाना चालू होता आणि हजारो तरुण कामगार, त्यांत मोठ्या संख्येने मुली, तेथे कामाला होत्या. २०१३ मध्ये प्राप्तिकर खात्याशी वाद उभा राहिला, मालमत्तेवर टाच आली, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या व्यवहारातून हा कारखाना वगळावा लागला. नोकियाजवळ मोबाईल व्यवसाय उरला नाही आणि कारखान्याला काम उरले नाही. बहुसंख्य कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती पत्करली. विशी-पंचविशीतल्या मुलींच्या बाबतीत हा शब्दच विचित्र वाटतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून उत्पादन थांबले. करविवाद मिटला तो २०१८ मध्ये, तोवर त्या मुली आपापल्या गावी परतल्या होत्या किंवा दुसरे काम शोधत होत्या.

ती बंद वास्तू पुढे सालकॉम्प या कंपनीने घेतल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. ही कंपनी चार्जर बनवते आणि तिच्या ग्राहकांत अ‍ॅपलचा समावेश होतो.